बघू तिकीट

शीतलादेवी स्टेशनात
दोन सरकते जिने उतरून
मी यंत्रासमोर उभा राहिलो तेव्हा
पहिल्यांदा लक्षात आलं
की आपण जन्मात कधी तिकीट काढलेलं नाही.

दिलेली किती, ते वडाळा डेपोला ठाऊक.
चौतीस वर्षं. लाल, पिवळी, फिकट हिरवी,
पंच दांडीवर वाजवत,
बोटांच्या बेचक्यांत नोटा उभ्या घडीच्या.
आणि स्वतःसाठी पास.
निवृत्तीनंतरही एखादा खाकीतला ओळखायचाच,
बसा हो कोळंबेकर, म्हणायचा.

यंत्र म्हणालं, भाषा निवडा.
मराठी निवडली. एवढं तरी आपल्या हातात.
मग त्याने विचारलं, गंतव्य स्थानक.
गंतव्य!
मला एकाही माणसाने कधी गंतव्य सांगितलं नव्हतं.
लोक म्हणायचे, एक फुल एक हाफ, पोर्तुगीज चर्च,
नाहीतर नुसती हनुवटी पुढे करायचे
आणि मला कळायचं.
यंत्रापुढे हनुवटी करावीशी वाटली,
खोटं कशाला बोलू.

गिरगाव सापडलं. विसाच्या दोन नोटा.
एक त्याने गिळली, दुसरी बाहेर काढली
जिभेसारखी, वेडावत.
उलटी करून घातली. परत.
पँटवर घासून घातली. परत.
ही नोट मी तरी घेतली असती का?
मधोमध चिकटपट्टी.
दुसरी द्या, म्हटलं असतं,
तेही अख्ख्या बसला ऐकू जाईल असं.

मागे एक बाई. गोरी, पिकल्या केसांची,
पाठीवर बोचकं, वय माझ्याच आगेमागे.
मी बाजूला सरलो. यू फर्स्ट.
ती मानेनेच नको म्हणाली नि पुढे वाकली.
पडद्यावर सगळं मराठी,
तिला त्यातलं अक्षर येत नसणार,
तरी तिचं बोट सरळ गेलं
खालच्या तांबड्या चौकोनावर, तिथून मागे, पुन्हा पुढे,
वीज गेल्यावर आपल्या फडताळात
काडेपेटी सापडावी तसं.
आपली एक कोरी नोट आत सारली,
माझी चिकटपट्टीवाली उजेडात धरून पाहिली
आणि हसून पाकिटात ठेवली.
कुठल्या, विचारलं.
ब्रनो, म्हणाली.
हे गाव की आडनाव, मला अजून माहीत नाही.

तिकीट म्हणजे चौकोनात कोंडलेल्या मुंग्या.
भोक पाडायला जागाच नाही.
तिने स्वतःचं काढलं
आणि भिंतीवर काहीतरी शोधू लागली,
या खांबाला, त्या खांबाला.
मग माझ्याकडे वळून मूठ हवेत दाबून दाखवली, टक.
पंच? मी म्हणालो.
पंच! ती म्हणाली.
नाही हो बाई, पंच गेले.
माझा मी जमा केला, रजिस्टरात सही करून.
हे मी मराठीतच सांगितलं.
तिने मान हलवली. डेपोतल्या बाबूनेही
अशीच हलवली होती.

दुपारची वेळ, डबा निम्मा रिकामा.
ती समोर बसली. गाडी सुटली
आणि माझा हात, माझा म्हणजे
चौतीस वर्षांचा तो हात,
आपोआप पुढे झाला.
बघू.

तिचं हसू विझलं.
ताठ झाली, खिसे चाचपले, बोचकं उघडलं,
सापडलं तेव्हा दोन्ही हातांनी पुढे केलं,
जसं तिच्या गावी साध्या कपड्यातली माणसं
असंच समोर बसतात, गोड बोलतात
आणि मग विचारतात.

सॉरी म्हणता आलं असतं.
पण तिकीट हातात आलेलं होतं.
मी वाचलं. कुठून, कुठवर, तारीख, वेळ.
कडेला नखाने बारीक चीर दिली.
करेक्ट, म्हणून परत केलं.
तिने श्वास सोडला
आणि ते घड्याळाच्या पट्ट्यात खोचलं,
जिथे माझी सगळी माणसं खोचायची.

सायन्स सेंटर गेलं. महालक्ष्मी गेलं.
मग मी माझं शोधू लागलो.
वरचा खिसा. मागचा खिसा.
पुन्हा वरचा.
ती बघत होती.